तुळसाक्काची चौकट

तुळसाक्का कुठल्याही गोष्टीला आधी "सरी" म्हणायची. कन्नडात सरी म्हणजे बरं, ठीक. घरमालकानं भाडं वाढवलं, सरी. नळाला आज पाणी नाही, सरी. सासूनं अंथरूण भिजवलं, सरी. मग एक श्वास घेऊन मराठीत, "पुढं?" मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नसे आणि पोटात मात्र "आता पुढं काय" हे सारखं चालू असायचं.

आम्ही तेव्हा बेंगळूरात हलसूरला एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे एकाच मालकाच्या आवारात समोरासमोर बांधलेल्या दोन-दोन खोल्या, मध्ये सगळ्यांचा एक नळ आणि टोकाला संडास. राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. नवे पैसे नुकतेच आले होते आणि भाजीवालीशी भांडण अजून आण्यांतच चालायचं. मी निपाणीकडची, लग्न होऊन इथं आलेली. कन्नड कळायचं, बोलायला जीभ उचलत नसे. आमचे हे के. आर. पुरमच्या बाजूला टेलिफोनच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. तुळसाक्का त्याच कारखान्यात, बायकांच्या लाइनीत, बारीक तारा जोडायच्या कामावर. तिच्या बोटांच्या टोकांना चटक्यांचे डाग असत. संध्याकाळी ती आली की वठारातल्या म्हाताऱ्या आपापल्या सुया घेऊन उभ्या राहायच्या. ती चालता चालता दोरा ओवून द्यायची, थांबायची नाही.

थांबणं तिला माहीतच नव्हतं. जेवायची उभ्यानं. बाजारात तिच्याबरोबर जायचं म्हणजे मला पळावं लागे. कुठलीही वस्तू घेताना ती आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. नारळ तर सगळेच वाजवतात, ही मडकं, पाट, लाकडी पेटी, सगळं वाजवायची. एकदा कापडाच्या दुकानात तिनं गठ्ठाच वाजवला. दुकानदार म्हणाला, "अक्का, हे लुगडं आहे, ढोल नव्हे." ती स्वतःच इतकी हसली की दुकानदारानं आपणहून भाव कमी केला.

तिची आणखी एक तऱ्हा. रागावली की कन्नडात बोलायची आणि माया आली की मराठीत. माहेर बेळगावकडचं, दोन्ही भाषा घरच्याच. सासूला न्हाऊ घालताना दोन्ही चालायच्या. "पाय उचला, किती वेळा सांगायचं!" हे कन्नडात, आणि लगेच "या माझ्या राजा, हात द्या," हे मराठीत. भिंतीपलीकडून ऐकताना वाटे, आत तिघीजणी आहेत.

नवरा होता आणि नव्हता. एका नाटक कंपनीबरोबर पेटी वाजवायला म्हणून गेला तो परत आला नाही. कुणी म्हणे हुबळीला दिसला, कुणी म्हणे दावणगिरीला. मरायची बातमी नव्हती म्हणून तुळसाक्का कुंकू लावायची. त्याची आई मात्र हिच्याकडेच राहिली. लेकानं नेली नाही आणि सुनेनं टाकली नाही.

म्हातारीचे पाय गेले तेव्हापासून सगळं सुरू झालं.

तुळसाक्का भोंग्याच्या आधी घरातून निघायची. दिवसभर म्हातारी एकटी. मी मधूनमधून चहा, भाताची पेज देत असे, पण उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती. संध्याकाळी तुळसाक्का आली की भरलेली कापडं नळावर धुवायची. तिथं कुरबूर सुरू झाली. पिण्याचं पाणी इथंच भरतो, सोवळंओवळं नाही का. एके दिवशी, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास, मालक स्वतः अंगणात येऊन उभा राहिला. बायका दारादारांत आल्या. मी खिडकीच्या आड होते.

"तुळसम्मा, या म्हातारीला तिच्या गावी पाठवा. नाहीतर जागा सोडा."

"सरी," ती पिळा झटकत म्हणाली. "गाव कुठलं ते सांगा, मालक. तिचं गाव आता मीच आहे."

कुणीतरी हसलं. मालक हसला नाही. "पुढच्या उगादीच्या आत जागा रिकामी पाहिजे," एवढं बोलून गेला.

मग तिनं खोल्या शोधल्या. रविवारी सकाळी निघायची आणि दुपारी कोरड्या तोंडानं परत यायची. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, यजमान कुठं असतात? दुसरा, म्हातारी चालती-फिरती आहे ना? एका बाईनं तर हिचं कुंकू बघून विचारलं, "हे कुणाच्या नावाचं?" हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्या दिवशी तिनं माझ्या दारातला पाट, उंबरा, पाण्याचा हंडा, सगळं उगाच वाजवून पाहिलं.

कामगारांनी तेव्हा घरबांधणीची एक सोसायटी काढली होती. के. आर. पुरम स्टेशनाच्या पलीकडे नाचणीची शेतं घेऊन प्लॉट पाडले होते. ज्याचं नाव चिठ्ठीत निघेल त्याला प्लॉट, आणि बांधायला कर्ज. कर्ज एकदम मिळत नसे. जोतं झालं की एक हप्ता, चौकट उभी राहून भिंती वर आल्या की दुसरा, छपराला तिसरा. फेड पगारातून कापून. आमच्या ह्यांनीही अर्ज केला होता, पण नाव निघालं नाही. तुळसाक्काचं निघालं.

नाव निघालं, पण कर्जाला सेक्रेटरी अडून बसला. एका पगारावर, तोही बाईचा. तो म्हणाला, नवऱ्याची संमती आणा. तो नसला तर त्याचा मृत्यूचा दाखला आणा.

"दोन्हीतलं काही नाही," ही म्हणाली. "तो तुम्हाला सापडला तर मला जरूर कळवा. त्याच्या आईला भेटायचंय."

कमिटीत एक म्हातारे सभासद होते. अमलदार, म्हणजे आपल्याकडचे मामलेदार, म्हणून पेन्शनीत निघालेले, डोक्याला जरीकाठी म्हैसुरी पेटा. प्लॉट पाडायच्या कामात सल्ल्याला घेतलेले. ते म्हणाले, नियमात नवरा लिहिलेला नाही, नोकरी लिहिलेली आहे. मग सेक्रेटरीनं तोडगा काढला. इतरांना एक जामीन, बाईमाणसाला दोन. हप्ता चुकला तर जामीनदाराच्या पगारातून कापणार.

एक जामीन तिला लाइनीतच मिळाला. शेजारच्या स्टुलावर बसणारी रोझम्मा. दुसऱ्यासाठी ती आमच्या दारात आली. हातात केळ्यांची फणी. आत या म्हटलं तरी आत आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली. ती बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली असेन.

"अण्णा, एक सही पाहिजे."

ह्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी लहान असताना माझे काका एका सायकलवाल्याला जामीन राहिले होते. दुकान बुडालं. कोर्टाचा बेलिफ घरी आला. काकूचं तांब्याचं घंगाळ चुलाण्यावर होतं, त्यात निम्मं कोमट पाणी होतं. ते त्यानं अंगणात ओतलं आणि घंगाळ उचलून नेलं. काकू ओल्या अंगणाकडे बघत उभी होती. जामीन हा शब्द ऐकला की मला ते पाणी दिसतं.

"वहिनी," तुळसाक्का म्हणाली, मराठीत, अगदी हळू. "तुम्ही बोला. अण्णांनी हो म्हटलं आणि तुमचं मन नसलं, तरी मी कागद परत नेईन. राग नाही धरणार."

भिंतीपलीकडून म्हातारी कुणाला तरी हाका मारत होती. बहुतेक मुलालाच. मी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली ते माझं मलाही नीट कळलं नाही. ह्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि सही केली.

त्या दिवसापासून मला भीतीनं धरलं. तुळसाक्का खोकली की मला हप्ता दिसायचा. तिची बस उशिरा आली की मी दारात. कारखान्यात यंत्रात कुणाची बोटं गेल्याचं हे जेवताना सांगायला लागले की मी आधी विचारायची, "पुरुष की बाई?" हे वैतागायचे. "अगं, ती तारा जोडते. तारेनं कुणाची बोटं तुटत नाहीत."

जोतं झालं, पहिला हप्ता आला. रविवारी आम्ही पाहायला गेलो. चहूकडे नाचणीची कापलेली धाटं, मध्ये दगडाचा एक चौकोन. गवंडी म्हणाला, इथं साप फार. मी तिथून पुढं पाऊलच टाकलं नाही. तुळसाक्का मात्र जोत्यावरून फिरून एकेक दगड वाजवत होती. गवंडी मला म्हणाला, "तुमच्या अक्काला सांगा, दगडाला सर्दी होत नसते."

मग आली चौकटीची पूजा. इकडे दाराची चौकट बसवणं म्हणजे घराचं बारसं, लग्न, सगळं. खाली नवधान्य आणि नाणं घालायचं, चौकटीला हळदकुंकू, आंब्याची डहाळी, मुहूर्तावर उभी करायची. भटजी म्हणाले, दांपत्य बसलं पाहिजे.

तुळसाक्का पुन्हा आमच्या दारात. "अण्णा, वहिनी, तुम्ही दोघं बसा माझ्याकडून."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्यात असंच करतात. विधवेच्या मुलीचं कन्यादान काका-काकू करतात. मुंज असली तर मामा-मामी मांडीवर घेतात. ज्याच्याकडे जोडीदार नाही त्याच्यासाठी कुणीतरी जोडीनं बसतं. मला तर बरं वाटलं. मी लग्नातला शालू नेसले. भटजींनी संकल्पात ह्यांचं गोत्र, ह्यांचं नाव घेतलं. माझ्या हातावर पाणी सोडलं. चौकट उभी राहिली, मी तिला पाच बोटं ओढली. तुळसाक्का लांब, चुन्याच्या ढिगाजवळ म्हातारीला धरून उभी होती. तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीलाही अगत्यानं बोलावलं होतं. तो आला, त्यानं सगळं पाहिलं, प्रसाद घेतला, हात धुतले आणि गेला.

भिंती चौकटीएवढ्या झाल्या. दुसऱ्या हप्त्यासाठी ती गेली तर हप्ता थांबवलेला. घर तिचं नाहीच, असं सेक्रेटरीचं म्हणणं. स्टोअरच्या कारकुनाला चिठ्ठीत प्लॉट मिळाला नाही, म्हणून त्यानं एका एकट्या बाईला पुढं केलं. जामीनही तोच, पूजेला बसलेलाही तोच, संकल्पात नावही त्याचंच. पूजेला जो बसतो तो घरचा यजमान, हे म्हैसूर राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शनिवारी तुळसाक्का आणि आम्ही दोघं, तिघांनी कमिटीपुढं यावं. खुलासा पटला नाही तर कर्ज रद्द, आणि कारखान्याला कळवणार.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. "नोकरी गेली तर?" एवढंच म्हणाले. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात घाबरायचं काम माझं होतं.

तुळसाक्काला मी नळावर गाठलं. "तुळसाक्का, पुढं काय?"

ती कपडे आपटत राहिली. त्या वेळी ती सरी म्हणाली नाही.

सोसायटीचं ऑफिस एका शाळेच्या खोलीत भरायचं. लहान मुलांचे बाक होते. आमचे हे त्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते, मी शेजारी. समोर सेक्रेटरी, दोघे-तिघे सभासद, आणि कोपऱ्यात ते पेटेवाले म्हातारे, डोळे मिटून. सगळं कन्नडात चाललं होतं.

"पूजेला कोण बसलं होतं?" सेक्रेटरीनं विचारलं.

"हे दोघं," तुळसाक्का म्हणाली.

"का?"

"मला जोडीदार नाही म्हणून."

"मग घर कुणाचं?"

"माझं."

"तुमचं आहे तर तुम्ही लांब का उभ्या होता? मी स्वतः पाहिलं. मालकीण चुन्याच्या ढिगाजवळ उभी राहते होय?"

सभासद हसले. तुळसाक्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "साहेब," ती म्हणाली, "लग्नाला शेजारणीकडून समई मागून आणली, तर नवरी शेजारणीची होते का?"

"समईचं गोत्र सांगत नाहीत संकल्पात," सेक्रेटरी म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. चौकटीला बोटं तुम्हीच ओढली ना? कुणाच्या घराला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कन्नड येत होतं. उत्तर अगदी सोपं होतं. माझे ओठ हलले आणि शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, आणि ते बघून सेक्रेटरीनं हात झटकला, जणू कबुलीच मिळाली. ह्यांनी मान खाली घातली.

तुळसाक्का माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"सरी," ती म्हणाली. "तुमचं म्हणणं, जो पूजेला बसेल त्याचं घर. मग मी परत पूजा करते. मी एकटी बसते. तुम्ही सगळे बघायला या."

"एकटी?" एक सभासद म्हणाला. "कुठला भटजी बसवील तुम्हाला एकटीला?"

"ते मी बघते. तुम्ही येता की नाही तेवढं सांगा."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "मी येतो," ते म्हणाले.

भटजी कबूल होईनात. एका बाजूला नवरा जिवंत, त्यामुळे विधवा म्हणता येईना. दुसऱ्या बाजूला तो नाही, म्हणून सवाष्ण म्हणून बसवता येईना. शेवटी म्हणाले, "बायको परगावी असली तर पुरुषाच्या कनवटीला सुपारी लावून बसवतात. पण हे उलटं. उलटं चालतं की नाही मला ठाऊक नाही."

"चालत नसेल तर देव सांगेल," तुळसाक्का म्हणाली. "तुम्ही दक्षिणा घ्या."

आम्ही गेलो, पण लांब, कुंपणाच्या काठ्यांपाशी उभे राहिलो. ह्यांनीच तसं ठरवलं. ढग आले होते. नुसत्या मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, वर काही नाही. पाऊस पडला तर सगळं खाली बसेल, आणि पुढचा पैसा नाही. म्हातारीला जटक्यातून, इकडच्या टांग्यातून, आणलं होतं. तिला चौकटीशेजारी पाटावर बसवलं. भटजींनी सुपारी मागितली तर ती म्हणाली, माझ्याकडे द्या. तिनं ती सुनेच्या कनवटीला खोवली आणि म्हणाली, "घे. खरा होता तेव्हाही पूजेला असाच गप्प बसायचा."

भटजींनाच हसू आलं. पण मग त्यांनी संकल्प केला तो तुळसाक्काच्या नावानं. ते नाव उच्चारताना त्यांचा आवाज अडखळला. त्यांनीही असा संकल्प आधी कधी सांगितला नसणार. तिनं चौकटीला बोटं ओढली. हळदीच्या रेघा वाकड्या झाल्या. ते मी कुंपणापासून पाहिलं.

पेटेवाले म्हातारे चालत आले होते, चपला हातात घेऊन, जमीन चिखलाची होती म्हणून. त्यांनी काही विचारलं नाही. चौकटीला हात लावला, प्रसाद पदरच्या फडक्यात बांधला आणि गेले. सेक्रेटरी आला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. कमिटीचा निरोप नाही. दुपार झाली की ढग जमायचे. ह्यांना कारखान्यात कुणी बोलावलं की वाटायचं, आता नोकरी जाणार. एका रविवारी रोझम्मा लाइनीतल्या बायका घेऊन आली. कुठूनतरी नारळाच्या झावळ्या गोळा केल्या होत्या. सगळ्यांनी मिळून भिंतींच्या माथ्यावर झावळ्या अंथरल्या, वर दगड ठेवले. तमिळ, कन्नड, मराठी, सगळा कलकलाट. मी झावळ्या ओढून द्यायला गेले. साप असतील हे तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नाही. त्याच रात्री पाऊस झाला. एक कोपरा ढासळला, बाकीचं तगलं.

मग एक दिवस हे घरी आले आणि दारातच म्हणाले, "हप्ता दिला." कमिटीत काय झालं ते कुणी सांगितलं नाही. पेटेवाल्यांनी एवढंच म्हटलं म्हणे, की घर कुणाचं ते मी पाहून आलो आहे.

उगादीच्या आत छपरावर मंगळुरी कौलं चढली. खिडक्यांना दारं नव्हती, पोती लावली होती. पण जागा सोडताना तुळसाक्कानं मालकाच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाली, "मालक, म्हातारीला गावी घेऊन चालले."

पुढं आमचीही ओळख सणावारापुरती राहिली. अंतर लांब, बस कमी. माझी भीती मात्र गेली नाही. पगाराच्या दिवशी हे आले की मी चहा ठेवायच्या आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. कधी काही कापलेलं नसायचं. हे म्हणायचे, "बघ, तू उगाच." मलाही वाटायला लागलं, उगाच. ती तशीच आहे, सरी म्हणणारी, तिला कशाचं काही नाही.

मग ह्यांना बेळगावला दुसरी नोकरी लागली. निघायच्या आधी भेटून यावं म्हणून मी एकटी के. आर. पुरमला गेले. सकाळची वेळ. तुळसाक्का दारातच भेटली, कामावर निघालेली. अंगावर घोंगडी. तोंड सुजलेलं, ओठ पांढरे. मी हात धरला तर हाताला चटका बसावा असा ताप.

"अहो तुळसाक्का, आज नका जाऊ."

"रजा संपल्या सगळ्या," ती म्हणाली. "सासूबाईंच्या दुखण्यात गेल्या. आता बिनपगारी पडेल."

"पडू दे की एक दिवस!"

"पगार कमी आला की हप्ता पुरता निघत नाही, वहिनी. उरलेला अण्णांच्या पगारातून कापतील. त्यांचा इथला हा शेवटचा पगार, तुमचा गाव बदलायचा खर्च." तिनं चपला चढवायला घेतल्या. एक पायात, दुसरी सापडेना. "एवढ्या वर्षांत कापला का कधी? नाही ना? तुम्ही त्या दिवशी मान हलवली ना, वहिनी, तुमचं तोंड मला दिसत होतं. अजून दिसतं."

आतून म्हातारी कन्नडात ओरडत होती, थांब म्हणून. मी चप्पल शोधून दिली. ती थांबली नाही.

रस्त्यापर्यंत मी तिच्यामागून गेले. या वेळी पळावं लागलं नाही. कारखान्याची बस आली. तिनं दांडी धरली आणि पायरीवर पाय ठेवला, पण अंग वर उचलेना. पाय पुन्हा खाली आला. तिनं पुन्हा ठेवला. दारातून रोझम्मा वाकली, तिनं हिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पोत्यासारखी वर ओढून घेतली. घोंगडी पायरीवरून खाली पडली. मी उचलून वर दिली, ती कुणीतरी घेतली, पण कुणी घेतली ते दिसलं नाही. आत गर्दी होती. बस सुटली तरी मी खिडक्यांतून तिला शोधत होते.